एक जूनला जन्मलेली पिढी

दरवर्षी ३१ मे रोजी दुपारनंतर नांदेड-लातूरच्या सरकारी कचेऱ्यांत, पाटबंधारे खात्याच्या उपविभागांत, पंचायत समित्यांच्या सभागृहांत आणि एस.टी.च्या आगारांत एकदमच शाल-श्रीफळाचे कार्यक्रम सुरू होतात. हारवाल्यांना त्या दिवशी उसंत नसते. वर्षातल्या इतर कोणत्याही महिन्याच्या अखेरीस एवढी माणसे एकाच दिवशी निवृत्त होत नाहीत. बाहेरच्या माणसाला यामागचे गुपित कळत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. या निवृत्त होणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्म एक जूनचा असतो आणि तो एक जून आईच्या आठवणीतला नसून शाळेतल्या गुरुजींनी ठरवून दिलेला असतो.

जूनमध्ये शाळा उघडायची. गुरुजी वाडी-वस्तीवर फिरून पोरे गोळा करायचे. आईबापांना लिहिता-वाचता येत नव्हते. पोर कधी झाले असे विचारले, तर 'पोळ्याच्या आधी' किंवा 'मोठा पूर आला त्या साली' असे उत्तर मिळायचे. पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पुरी हवीत, म्हणून गुरुजी सहा वर्षे मागे मोजून एक जून टाकून मोकळे व्हायचे. पुढे नोकरीत नियम असा की, महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मध्यान्होत्तर, निवृत्त होतो. म्हणून ३१ मे. यातली एक गंमत बोचणारी आहे. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. त्यामुळे ज्या गुरुजींनी आयुष्यभर पोरांना शिकवले त्यांचा निरोप पोरांविनाच होतो.

२०२५ च्या ३१ मे रोजी जे अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करून बाहेर पडले, त्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून १९६७. म्हणजे ते शाळेत गेले जून १९७३ मध्ये, बहात्तरच्या दुष्काळातून नुकतेच बाहेर पडताना. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते, घरात मिलो आणि सुकडी शिजत होती. पगार नावाची वस्तू त्या घराने पाहिलेली नव्हती. पुढे ही पोरे तालुक्याच्या शाळेत गेली, नांदेडच्या, लातूरच्या, उदगीर-अहमदपूरच्या महाविद्यालयांत शिकली आणि तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका, लिपिक, वाहक, बँकेतले कॅशियर झाली. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, १९९७ मध्ये नांदेडची महानगरपालिका झाली. प्रत्येक वेळी नवी कार्यालये उघडली, नव्या खुर्च्या आल्या आणि त्या खुर्च्यांवर ही घरातली पहिली पगारदार पिढी बसली.

तीच पिढी आता उठते आहे. आणि माझ्या मते या उठण्यातली खरी अडचण इथेच आहे. या घरांत पगार जसा पहिल्यांदा आला, तशी निवृत्तीही पहिल्यांदाच येते आहे. यांचा बाप निवृत्त झाला नव्हता. तो म्हातारा झाला होता. हातपाय चालत होते तोवर तो वावरात होता, मग आखाड्यावर राखण करायला बसला, शेवटी पारावर. पण बैल कोणता घ्यावा, पेर कधी धरावी, सोयरीक कुठे जुळवावी हे त्याला शेवटपर्यंत विचारले जात होते. एका दुपारी हार घालून 'आता उद्यापासून येऊ नका' असे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे निवृत्त कसे व्हावे याचा धडा या पिढीला घरातून मिळालेला नाही. तो तिला स्वतःच गिरवावा लागतो आहे आणि गिरवताना अनेकांचा हात थरथरतो आहे.

पैशाचा हिशेब होतो, दिवसांचा नाही

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सुमारे सतरा लाख सरकारी-निमसरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे त्या संपाचे मूळ. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली. या सगळ्या चर्चेत मी कर्मचाऱ्यांच्या बाजूचा होतो आणि आहे. म्हातारपणी मुलापुढे हात पसरावा लागू नये, ही मागणी स्वाभिमानाची आहे.

तथापि, या वादात एक गोष्ट कोणीच मांडली नाही. ग्रॅच्युइटी किती, अंशराशीकरण किती टक्के घ्यावे, तीनशे दिवसांच्या रजेचे पैसे कुठे ठेवावेत याचे हिशेब निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून सुरू होतात. मुलीचे लग्न, मुलाचा फ्लॅट, वरचा मजला असे त्या पैशाचे वाटेही ठरतात. पण एक जूनच्या सकाळी साडेनऊ वाजता हा माणूस काय करणार आहे, याचा हिशेब कोणी करत नाही. साठीला पोहोचलेला भारतीय माणूस आज सरासरी आणखी अठरा वर्षांच्या आसपास जगतो. म्हणजे साडेसहा हजार सकाळी. एवढ्या सकाळींचे अंदाजपत्रक नसते, हे नवल आहे.

मुळात निवृत्तीची कल्पना एवढ्या लांब आयुष्यासाठी रचलेलीच नव्हती. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती आणि तिथवर पोहोचणारे थोडे होते. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. केंद्र सरकारने निवृत्तीचे वय १९६२ मध्ये पंचावन्नचे अठ्ठावन्न आणि १९९८ मध्ये साठ केले; महाराष्ट्राने बहुतेकांसाठी अठ्ठावन्नच ठेवले. निवृत्ती म्हणजे शेवटची थोडीशी विश्रांती, ही जुनी समजूत. आता ती आयुष्याचा चौथा हिस्सा झाली आहे आणि आपण मात्र अजूनही तिला 'उर्वरित आयुष्य' म्हणतो. उरलेले म्हणजे जणू ताटातले.

कचेरीने दिलेले, पण पगारपत्रकात नसलेले

मी स्वतः नांदेडच्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालो. माझे शिक्षण लातूरला झाले, नोकरी नांदेडला. दोन्ही शहरांत माझे सोबती आहेत आणि गेली काही वर्षे मी त्यांच्या निरोपाला आणि निरोपानंतरच्या दिवसांना हजर राहत आलो आहे. त्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. नोकरी पगाराशिवाय आणखी चार गोष्टी देत असते आणि त्या जाईपर्यंत त्यांची किंमत कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे दिवसाला आकार. दुसरी, ठरवून न करता होणारी भेटगाठ. चहाच्या टपरीवर, मस्टरवर सही करताना, आगारातल्या विश्रांतिगृहात माणसे भेटतात. त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. तिसरी गोष्ट, नाव. आपल्याकडे तलाठ्याला 'भाऊसाहेब' म्हणतात, तहसीलदाराला 'रावसाहेब' म्हणतात. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत भाऊसाहेबांचे 'काका' होतात. गुरुजी तेवढे मरेपर्यंत गुरुजी राहतात आणि त्यामुळेच की काय, माझ्या पाहण्यातले शिक्षक निवृत्तीनंतर कारकुनांपेक्षा लवकर सावरतात. बाजारात कोणीतरी वाकून नमस्कार करतो आणि 'मी तुमच्या हाताखाली चौथीला होतो' असे सांगतो. त्या वाक्याने माणूस आठवडाभर ताठ चालतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आहे: विचारले जाणे. 'साहेब, हे कसे करायचे?' या प्रश्नात माणसाच्या असण्याची पावती असते. निवृत्तीनंतर फोन वाजायचा थांबतो. एक मंडळ अधिकारी मला म्हणाले होते, 'सर, नोकरीत असताना फोनचा कंटाळा यायचा, जेवू देत नव्हते लोक. आता वाजला की कंपनीचा असतो.' हे बोलताना ते हसत होते, पण हसणे डोळ्यांपर्यंत पोहोचत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जूनमध्ये सामाजिक संबंधांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातल्या दर सहांपैकी एका माणसाला एकटेपणाची बाधा आहे आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य यांच्याशी आहे, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटनने तर २०१८ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमला. आपल्याकडे अशा बातम्या वाचून 'तिकडे कुटुंबव्यवस्था नाही, आपल्याकडे ती आहे' असे समाधान मानण्याची पद्धत आहे. ते समाधान नांदेड-लातूरच्या वसाहतींतून एक संध्याकाळ फिरले तर टिकत नाही.

ना गावचा, ना शहराचा

या दोन्ही शहरांच्या वाढीचा नकाशा पाहा. नांदेडला तरोडा, भाग्यनगर, सिडको. लातूरला औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड. नोकरदारांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून, कर्ज काढून, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी घरे बांधली. शिक्षकांची कॉलनी, बँकवाल्यांची कॉलनी, पाटबंधारेवाल्यांची कॉलनी. एका वयाची, एका खात्याची माणसे एका गल्लीत आली. तेव्हा ती सोय होती. आज तिचा दुसरा अर्थ दिसतो आहे: अख्खी कॉलनी एकाच वेळी म्हातारी होते आहे. मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला. दर दुसऱ्या घरावर कुलूप नाही, पण दर दुसऱ्या घरात दोनच माणसे, आणि त्यांतले एक गेले की एकच.

गावाकडे परत जावे, असे निरोपाच्या भाषणात सगळेच म्हणतात. जातात थोडे. जमीन बटईने दिलेली असते, वाड्याच्या वाटण्या झालेल्या असतात, भावकीत बांधाचा वाद असतो. तीस वर्षे सणावाराला आलेला माणूस एकदम कायमचा आला की गावाला प्रश्न पडतो, 'हा कशाला आला?' आणि शहरात त्याची ओळख खात्याची होती, गल्लीची नव्हती. हा माणूस गाव सोडून आलेला आणि ज्याची मुले शहर सोडून गेलेली, असा मधल्या टप्प्यावरचा आहे. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची तिसरी-चौथी पिढी निवृत्त होते तेव्हा तिच्यामागे कट्टे, मंडळे, वाचनालये, संगीतसभा असतात. आपल्याकडे ते जाळे विणले जाण्याआधीच विणणारे निवृत्त झाले.

ज्यांना निवृत्तीच नाही

हे लिहिताना एक भान सुटता कामा नये. ज्याला आपण निवृत्तीचा प्रश्न म्हणतो तो मूठभरांचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीवरच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते, आणि ते वाढतच जाणार हे उघड आहे. त्यांतल्या बहुसंख्यांनी कधी सेवापुस्तक पाहिलेले नाही. कंधार-मुखेडच्या डोंगराळ पट्ट्यातली शेतमजूर बाई सत्तरीतही सोयाबीन काढणीला जाते. तिच्या वाट्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये आले तर आले. तेही २०२३ मध्ये वाढवून दीड हजार झाले. तिला 'वेळ कसा घालवता' असे कोणी विचारत नाही.

दुसरा वर्ग मधल्या मधे अडकलेला आहे. एस.टी.चे चालक-वाहक, साखर कारखान्यांतले कामगार, सहकारी संस्थांतले कर्मचारी यांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. सप्टेंबर २०१४ मध्ये तिची किमान रक्कम हजार रुपये ठरली. साडेसात हजारांसाठी त्यांची आंदोलने चालत आली आहेत. आयुष्यभर लोकांना गावोगाव पोहोचवणाऱ्या चालकाला निवृत्तीनंतर मित्राच्या चहाचे पैसे देता येत नाहीत, म्हणून तो कट्ट्यावर जायचे टाळतो. एकटेपणाला असाही खर्चाचा कोपरा असतो. माणसांत राहायला थोडे पैसे लागतात. आहेर, वर्गणी, पाहुण्याला साखर. ते नसतील तर माणूस आधी कार्यक्रम टाळतो, मग माणसे टाळतो.

आणि तिसरा वर्ग म्हणजे घरातली बाई. नवरा निवृत्त होतो, तिचे काम वाढते. दहा वाजता रिकामे होणारे घर आता दिवसभर भरलेले राहते, चहाच्या खेपा वाढतात आणि तीस वर्षे जे स्वयंपाकघर तिने चालवले त्यात सूचना सुरू होतात. जपानी बायकांनी अशा नवऱ्यांना एक नाव ठेवले आहे: ओली गळालेली पाने, जी झाडली तरी चिकटूनच राहतात. आपल्या बायका एवढे उघड बोलत नाहीत. पण हरिपाठाला जाताना त्यांच्या चालीत जी घाई असते ती पाहावी. खरे सांगायचे तर संबंध टिकवण्याचे शास्त्र या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त अवगत आहे. भजनी मंडळ, बचत गट, भिशी, हळदी-कुंकू ही त्यांची जाळी कोणत्याही खात्याच्या आदेशाने विणलेली नाहीत, म्हणून आदेशाने सुटतही नाहीत. निवृत्त शिक्षिका आणि परिचारिका पुरुषांपेक्षा सहज रुळतात. त्यांची अडचण वेगळी असते. नातवंड सांभाळायला त्यांना पुण्याच्या सातव्या मजल्यावर नेले जाते आणि तिथे ही विणलेली जाळी एका दिवसात तुटतात.

विरंगुळा पुरेसा नाही

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी देशाचे धोरण १९९९ मध्ये आले, राज्याचे २०१३ मध्ये. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. २०२४ मध्ये वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी तीन हजार रुपये आणि तीर्थदर्शन योजना आली. पण मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसाला माणसांत आणणारा सर्वांत परिणामकारक निर्णय एस.टी.चा होता. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, त्याखालोखाल पासष्टपासून अर्धे तिकीट आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या बायकांना अर्धे तिकीट. या निर्णयाने अहमदपूरची आजी लोह्याच्या लेकीकडे दोन दिवस राहून येऊ लागली, थकलेला भाऊ बहिणीच्या घरी दिवाळीला जाऊ लागला. कोणत्याही समुपदेशकाने जोडली नसती एवढी नाती लाल गाडीने जोडली. याउलट रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. करोना ओसरून गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत मात्र गाडीत चढली नाही.

असेच हयातीच्या दाखल्याचे. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असे लिहून द्यायचे, याची थट्टा खूप झाली. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर संगणकातून देता येऊ लागला आणि आजारी माणसाची मोठी सोय झाली. पण त्या रांगेचे दुसरे एक काम होते. वर्षाकाठी एकदा सगळे जुने सहकारी तिथे भेटायचे, कोण आले नाही याची चौकशी व्हायची. सोय करताना भेट कापली गेली आणि ती कापली गेल्याची नोंद कुठल्याही फाईलमध्ये झाली नाही.

उद्याने, सहली, हास्यमंडळे, एक ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन हे सगळे चांगले आहे. लातूरच्या नाना-नानी पार्कात किंवा नांदेडच्या स्टेडियमवर सकाळी चालणारी माणसे पाहून बरे वाटते. ज्येष्ठ नागरिक संघांनी तर अनेकांना अंथरुणातून उठवून सभेत आणून बसवले आहे. परंतु चालणे तासाभरात संपते आणि सभेत सत्कारच जास्त होतात. विरंगुळ्याने दिवस जातो, माणूस उभा राहत नाही. माणूस उभा राहतो तो त्याच्यावाचून कोणाचे तरी काहीतरी अडते तेव्हा.

याची उदाहरणे आपल्याच मातीत आहेत. गोविंदभाई श्रॉफ मराठवाड्याच्या रेल्वेसाठी, सिंचनासाठी, शिक्षणासाठी ऐंशी ओलांडल्यावरही लढत राहिले. २००२ मध्ये ते गेले तेव्हा नव्वदी पार होती आणि त्यांचे काम संपलेले नव्हते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे कुलगुरुपदानंतर लातूरचे नगराध्यक्ष झाले, पुढे राज्यसभेत गेले. कुलगुरू राहिलेल्या माणसाने शहराच्या नळाची आणि नालीची जबाबदारी घ्यावी, यात मला मोठी शिकवण दिसते. अर्थात ही मोठी माणसे. त्यांच्या दारात निमंत्रण चालत येते.

लहान माणसांचे काय? २०१६ चा उन्हाळा आठवावा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली. त्याच वर्षी मांजरेचे पात्र खोल-रुंद करायला लातूरकरांनी लोकवर्गणी काढली. त्या महिन्यांत गल्लीत टँकर आला की नंबराच्या चिठ्ठ्या वाटायला, भांडणे सोडवायला, कोणत्या घरात आजारी माणूस आहे ते पाहून तिथे आधी घागर पोहोचवायला कोण उभे असायचे? निवृत्त हवालदार, निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त लाईनमन. पाण्यावाचून शहर होरपळत होते आणि ही माणसे मात्र दहा वर्षांनी तरुण दिसत होती. त्यांना शहराने विचारले होते.

नांदेडच्या गुरुद्वारात आणखी एक गोष्ट रोज पाहायला मिळते. पायताणे सांभाळण्याच्या, लंगरात ताटे धुण्याच्या सेवेला बसलेल्यांत मोठ्या हुद्द्यावरून उतरलेली माणसे असतात. तिथे हुद्दा चपलांबरोबर बाहेर राहतो. निवृत्ती पचवण्याची याहून सोपी शाळा मला माहीत नाही.

खुर्ची सोडावी, काम धरावे

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. 'आम्हाला काम द्या' याचा अर्थ 'आम्हाला खुर्चीवर ठेवा' असा होता कामा नये. निवृत्तीचे वय साठ करावे, ही संघटनांची मागणी जुनी आहे. जुलै २०२३ मध्ये शासनाने जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षकांना सत्तर वर्षांपर्यंत महिना वीस हजार मानधनावर घेण्याचे ठरवले, तेव्हा डी.एड., बी.एड. होऊन वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणारी पोरे संतापली. त्यांचा संताप योग्य होता. ज्या जिल्ह्यांत तलाठ्याच्या एका जागेसाठी पदवीधरांची झुंबड उडते तिथे बापाने मुलाच्या पानावर बसू नये. शिक्षणसंस्था, पतसंस्था, देवस्थाने यांच्या कार्यकारिणीत ऐंशीपर्यंत चिकटून बसलेली मंडळीही आपण पाहतो. तेही निवृत्तीनंतरचे काम म्हणवले जाते. ते फक्त निवृत्त न होणे आहे.

मग काम कोणते? जे पगारी जागेत मोडत नाही आणि तरीही अडून राहते, ते. निवृत्त तलाठ्याला सातबारा, फेरफार, वारसनोंद तोंडपाठ असते. आठवड्यातून एक दिवस गावच्या चावडीत बसून त्याने विधवेचा, निराधाराचा अर्ज नीट भरून दिला, तर तिच्या तालुक्याच्या चार खेपा वाचतील. निवृत्त परिचारिकेने गल्लीतल्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवले, तर दोन पक्षाघात टळतील. गावचे वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडे ठेवायला माणूस मिळत नाही म्हणून बंद असते. सप्ताहाचा जमाखर्च चोख ठेवणारा निवृत्त कॅशियर मिळाला, की गावातली निम्मी भांडणे मिटतात. जपानमध्ये टोकियोत १९७५ पासून ज्येष्ठांची मनुष्यबळ केंद्रे निघाली; थोडे तास, थोडे मानधन, तरुणांच्या नोकरीला धक्का नाही, असे त्यांचे सूत्र आहे. आपल्या तालुक्याच्या गावी त्यासाठी इमारत नको. एक वही, एक टेबल आणि कोणाला काय येते याची यादी पुरे.

लातूरच्या बाबतीत तर मला एक गोष्ट दिवसाढवळ्या दिसते आणि आश्चर्य वाटते. शिकवणी वर्गांसाठी राज्यभरातून सोळा-सतरा वर्षांची पोरे तिथे येतात, निवृत्तांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. वर एक मुलगा पहिल्यांदा घर सोडून आलेला, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेला. खाली एक जोडपे, ज्यांचा मुलगा याच वयात घर सोडून गेला. दोघांमध्ये एक जिना आणि महिन्याचे भाडे. एवढा एकटेपणा एका छताखाली असताना तो एकमेकांना लागत कसा नाही? काही घरांत लागतो. आजी रविवारी पुरणपोळी वर पाठवते, आजोबा परीक्षेच्या सकाळी पोराला केंद्रावर सोडून येतात, आणि डॉक्टर झालेले पोर दहा वर्षांनी पेढे घेऊन येते. हे सर्व घरांत व्हायला फक्त भाडेकरार पुरत नाही, हे खरे. पण सुरुवात एका कप चहाने होते.

ज्यांची निवृत्ती तीन-चार वर्षांवर आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की, पैशाच्या कागदांबरोबर माणसांची तजवीजही आत्ताच करा. खात्याबाहेरची एक तरी संगत नोकरीत असतानाच धरा. निवृत्तीनंतर नव्या मंडळात जाणारा माणूस बुजतो. गावाशी असलेला बांधाचा वाद पेन्शनच्या आधी मिटवा. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या दोघा-तिघांशी मैत्री ठेवा, कारण बरोबरीचे एकेक करून गळत जातात. आणि बायकोला विचारा की दुपारी बारा ते चार या वेळेत तुम्ही घरात असलेले तिला चालणार आहे का. उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

बाकीची जबाबदारी तुमच्या-आमच्यासारख्या भोवतालच्यांची आहे. निवृत्त माणूस दिसला की आपण सवयीने विचारतो, 'काय, वेळ जातो का?' या प्रश्नात दया असते आणि दयेवर कोणी जगत नाही. आपल्या ग्रामपंचायतीत, शाळेत, गल्लीत, वाचनालयात पाहा. काहीतरी अडलेले असतेच. मग त्यांच्या दारात जा आणि सांगा, 'भाऊसाहेब, एक काम अडलंय. उद्या दहाला येता का?'